दोन पानी पत्रात मुलगी एका ओळीपुरती

साताऱ्याहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बी.एस्सी. भूशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. जुरासिक, म्हणजे डायनासोरांच्या काळातल्या, समुद्राच्या गाळात सेंद्रिय पदार्थ टिकला कसा, यावर तिला पुढे संशोधन करायचं आहे. "मेलेल्या डायनासोरचं तेल शोधून पोट भरणार का? एमपीएससीसाठी तिला कसं पटवू?"

सप्रेम नमस्कार.

पत्रात पाहुण्यांचं मत आहे, शेजारच्या तलाठ्याचं कौतुक आहे, क्लासची फीसुद्धा आहे. मुलीचं म्हणणं मात्र एका ओळीत, तेही चेष्टेनं. वर "ऐकलं नाही तर यंदा कॉलेजची फी भरणार नाही" असं तिला सांगून मोकळे झालात. याला पटवणं म्हणत नाहीत, नाक दाबणं म्हणतात. तिच्या मार्कांची मला चिंता नाही, या धमकीची आहे. आधी फी भरा. एमपीएससी पदवीनंतरही देता येते.

आता ते डायनासोर. खनिज तेल त्यांचं नव्हे, मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म शैवालांचं. युरोपजवळच्या उत्तर समुद्रातलं बहुतेक तेल किमरिज क्ले या जुरासिक थरातून आलं. एरवी समुद्रात तयार होणाऱ्या सेंद्रिय पदार्थातला 1 टक्काही गाळात टिकत नाही. "तळाशी ऑक्सिजन नव्हता" हे उत्तर अर्धंच आहे, कारण सल्फेटवर जगणारे जीवाणू ऑक्सिजनशिवायही खात राहतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, तोच सडक्या अंड्याच्या वासाचा वायू. गाळात लोह असेल तर ते त्यातलं गंधक धरतं आणि पायराइट बनतं. लोह कमी पडलं की गंधक मेद आणि शर्करांचे रेणू एकमेकांना सांधतं, टायरचं रबर गंधक घालून टणक करतात तसं. हे जाळं जीवाणूंना सहजी पचत नाही.

म्हणजे विषय निम्मा रसायनशास्त्राचा. आणि तिसऱ्या वर्षी ती रसायनशास्त्र सोडणार, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत! घरात भांडायचंच असेल तर यावर भांडा.

काम किचकट आहे. नमुना बोअर मारून काढलेल्या दगडाच्या ताज्या गाभ्यातला हवा. उघड्यावरच्या दगडात पायराइट गंजलेलं असतं, सेंद्रिय कार्बनही घटलेला असतो. प्लास्टिकची पिशवी नको, तिच्यातली रसायनं नमुन्यात उतरतात. अॅल्युमिनियम फॉइल घ्यायची. भुकटीतला चुनखडीचा कार्बन हायड्रोक्लोरिक आम्लानं काढायचा. थंड आम्लात डोलोमाइट, म्हणजे मॅग्नेशियम असलेलं चुनखडीसारखं खनिज, लवकर विरघळत नाही. ते मागे राहिलं की सेंद्रिय कार्बनचा आकडा फुगतो, आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो.

नोकऱ्या थोड्या आहेत, हे तुमचं खरं. वाटा या: एम.एस्सी. प्रवेशाची जॅम परीक्षा, त्यापुढे गेट, आणि सरकारी नोकरीसाठी यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा.

तिची आवड पारखायची तर साताऱ्यात सोय नाही. कोयनेजवळ गोठण्याच्या खोल बोअरमध्ये सव्वा किलोमीटर बेसाल्ट, म्हणजे लाव्हाचा दगड, लागला आणि खाली थेट ग्रॅनाइट. मध्ये समुद्राचा गाळ नाहीच. भुजच्या आसपास जुरासिक सागरी थर उघडे आहेत. डिसेंबरात तिला शिक्षकांबरोबर आठवडाभर तिथे जाऊ द्या. परत आली की तिची फील्डवही मागा आणि शेवटच्या दिवसाच्या नोंदी पहिल्या दिवसाइतक्याच नेटक्या आहेत का, ते बघा.