गौरीजेवणानंतर उरलेल्या अन्नाचं काय करावं?

तुम्ही लिहिलंय की यंदा पहिल्यांदाच गौरी तुमच्या ऐरोलीच्या घरी येणार आहेत, जेवायला पंधरा-वीस माणसं, फ्रिज एका दाराचा, आणि नैवेद्याचं अन्न टाकून देणं सासूबाईंच्या जिवावर येतं. त्यांचं अगदी बरोबर आहे. आमच्याकडे ठाण्याला बऱ्याच वर्षांपासून गौरी बसतात, त्यामुळे अनुभवाने सांगते.

अन्न वाया जाणार की वापरलं जाणार, हे शेवटची पंगत उठल्यावरच्या तासाभरात ठरतं. त्या वेळी सगळ्या बायका दमलेल्या असतात. पातेली झाकून ओट्यावर ठेवली जातात, मग हळदीकुंकवाची तयारी सुरू होते आणि पातेल्यांकडे बघायला रात्रीचे दहा वाजतात. भाद्रपदातली आपली दमट हवा माहीत आहेच. शिजवलेल्या अन्नात 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून ते दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू नये. तेव्हा घरातल्या एका माणसाला, पुरुष असला तर उत्तमच, आधीच सांगून ठेवा की पंगत उठली की उरलेलं मार्गी लावण्याचं काम त्याचं.

सुरुवात भातापासून करायची. वरणभाताचा असो की मसालेभात, सगळ्यात आधी तोच हातावेगळा करा. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवतानाही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि त्यातलं एक विष भात कितीही गरम केला तरी जात नाही. म्हणजे संध्याकाळपर्यंत बाहेर राहिलेला भात सकाळी खरपूस परतला म्हणून निर्धोक होत नाही. गरम भाताचा ढीग तसाच डब्यात भरला तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. म्हणून परातीत पातळ पसरायचा, पंख्याखाली वाफ जाऊ द्यायची आणि तासाभरात उथळ डब्यातून फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी संपवायचा, आणि एकदाच गरम करायचा. साध्या भाताला मोहरी, कढीपत्ता, शेंगदाणे आणि थोडी हळद घालून फोडणी दिली की सकाळचा नाश्ता होतो. जास्तच असेल तर त्यात बेसन, तांदळाचं पीठ, आलं-मिरची आणि कोथिंबीर मळून वडे थापा.

पुरणाची मात्र काळजी नको. उरलेल्या पुरणाचे लिंबाएवढे गोळे करून डब्यात भरून फ्रीजरला टाका, महिनाभर सहज राहतात. पुढे कधीही बाहेर काढून दिंडं करता येतात: कणकेच्या लाटीत पुरण ठेवून चौकोनी घडी घालायची, वाफवायची, वर साजूक तूप. दिंडं नागपंचमीचीच, असा काही नियम नाही. भाजलेल्या पोळ्या उरल्या तर पूर्ण गार झाल्यावर दोन पोळ्यांमध्ये बटर पेपर घालून ठेवा आणि खाताना तव्यावर मंद आचेवर तूप सोडून गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये त्या चिवट होतात. कटाची आमटी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते, असं आमच्याकडे सगळ्यांचं मत आहे, पण तीही गार करून फ्रिजमध्येच ठेवायची आणि काढली की चांगली खळखळून उकळायची.

चतुर्थीच्या मोदकांची उकड उरली असेल तर निवगऱ्या कराच. माझ्या मते सणातला हा सगळ्यात सुरेख पदार्थ आहे, आणि तो मुळातच उरलेल्यातून होतो. हिरवी मिरची आणि जिरं भरड वाटायचं, उकडीत चवीपुरतं मीठ आणि भरपूर कोथिंबिरीबरोबर मळायचं. हाताला तेल लावून छोट्या चपट्या वड्या थापायच्या, मधे अंगठ्याने खळगा करायचा आणि मोदकपात्रात आठ-दहा मिनिटं वाफवायच्या. गरम असताना त्या खळग्यात कच्चं तेल किंवा तूप घालून खायच्या. गोडाचं जेवण जेवून कंटाळलेली मुलं यावर तुटून पडतात. सारण उरलं असेल तर त्यात थोडं दूध घालून आटवा, वड्या पडतात. गणपतीपुढचे नारळ साठले असतील तर खवून, पसाभराच्या पिशव्या करून फ्रीजरला टाका. ओला नारळ बाहेर लवकर आंबतो, त्यामुळे नारळ घातलेल्या भाज्यांनाही हाच धाक लक्षात ठेवा.

बाकीचं पटकन सांगते. भोपळा, पडवळ, अळू यांतलं जे उरेल ते भाजणीत मळून थालीपीठ. दह्यातली काकडीची कोशिंबीरही त्यातच जाते, फक्त ती बाहेर राहू द्यायची नाही. भजी आमटीत सोडायची. चिंचगुळाचं पंचामृत फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. पूजेचं दूध-दह्याचं मात्र त्याच दिवशी संपवायचं. ज्या आगरी-कोळी किंवा सीकेपी घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, तिथे मटणालाही तोच दोन तासांचा नियम.

आता वाटण्याबद्दल, आणि हे मला मनापासून सांगायचं आहे. ‘उरलं तर उद्या कामवाल्या ताईंना देऊ’ हे वाक्य आपण सहज बोलतो. कृपा करून तसं करू नका. जे आपण स्वतः खायला बिचकतो ते दुसऱ्याच्या हातावर ठेवण्याला दान म्हणत नाहीत. नैवेद्य दाखवला की पंगत बसायच्या आधीच वॉचमनकाकांचं, जिना झाडणाऱ्या मावशींचं आणि कचरा नेणाऱ्या दादांचं ताट वाढून बाजूला काढा, सगळे पदार्थ गरम, पोळीवर तूप घालून. उष्टं न झालेलं अन्न जास्त असेल तर त्याच दुपारी शेजारी डबे पोचवा. सोसायटीच्या महाप्रसादासारखं मोठ्या प्रमाणात उरलं तर निवृत्त पोलीस अधिकारी डी. शिवानंदन यांनी सुरू केलेली रोटी बँक किंवा रॉबिन हूड आर्मीचे स्वयंसेवक अशा, उरलेलं चांगलं अन्न गरजूंपर्यंत पोचवणाऱ्यांशी सणाच्या आधीच बोलून ठेवावं. अन्न किती वाजता शिजलं हे त्यांना सांगा, आणि थोड्याशा डब्यांसाठी त्यांना धावाधाव करायला लावू नका.

गाईला पुरणपोळीचा घास देणं वेगळं आणि परातभर भात-पोळ्या तिच्यापुढे ओतणं वेगळं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात एकदम एवढे पिष्टमय पदार्थ आणि गोड गेलं की आम्लता वाढते, पोट फुगतं, जनावर दगावूही शकतं. प्लास्टिकच्या पिशवीतून तर काहीच देऊ नका.

पुऱ्या-भजी-वड्यांचं उरलेलं तळणाचं तेल त्याच दिवशी गाळून ठेवा आणि लवकरात लवकर फोडणीला संपवा. काळपट झालेलं, फेस येणारं तेल पुन्हा तळणाला घेऊ नका आणि सिंकमध्येही ओतू नका, खालच्या मजल्यावरच्यांच्या मोऱ्या तुंबतात.

राहिला तुमचा छोटा फ्रिज. गौरी यायच्या दोन दिवस आधी तो रिकामा करायला लागा: पाण्याच्या बाटल्या बाहेर, अर्धवट सॉसच्या बाटल्या बाहेर, भाज्या लागतील तेवढ्याच. फ्रीजरचा बर्फ वितळवून घ्या. उथळ, चौकोनी, एकावर एक बसणारे डबे आधीच धुऊन ठेवा. पातेली फ्रिजमध्ये जागा खातात आणि आतलं अन्न लवकर गारही होत नाही. भात-भाज्यांना आधी जागा द्या. लाडू, चिवडा, पेढे बाहेरच्या डब्यांत. शेजारच्या काकूंना त्यांच्या फ्रिजचा एक कप्पा दोन दिवसांसाठी मागायला संकोच करू नका. बदल्यात त्यांच्याकडे निवगऱ्या पोचल्या की झालं.