वाचक विचारतात : ‘सावळी’ म्हणून भागेल का?

प्रश्न : इंग्रजी फँटसी कादंबरीतल्या कृष्णवर्णीय नायिकेला मराठी अनुवादात ‘सावळी’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर : नको. ‘सावळी’ म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे इथलीच मुलगी येते आणि मुद्दाम दिलेला रंग पुसट होतो. ‘द हंगर गेम्स’मधली (२००८) बारा वर्षांची रू गडद तपकिरी कातडीची आहे, हे पुस्तकात स्पष्ट आहे. तरीही २०१२च्या चित्रपटात कृष्णवर्णीय मुलगी दिसताच अनेक चाहते चिडले. वर्णन त्यांनी वाचलंच नव्हतं. म्हणून पहिल्या भेटीतच ‘गडद तपकिरी’ लिहा. कॉफी-चॉकलेटच्या उपमा टाळा, त्यांनी माणसाची खाण्याची वस्तू होते.

केसांपाशी हमखास चूक होते. एन. के. जेमिसिन यांच्या ‘द फिफ्थ सीझन’मधल्या (२०१५) एसुनच्या बटा दोरासारख्या, करंगळीएवढ्या जाड आहेत. तिथे ‘जटा’ लिहिलंत की जोगतीण उभी राहते! ‘वळलेल्या जाड बटा’ पुरे.

भूमिकाही पाहा. रू मरते आणि तिच्या मरणाने कादंबरीची नायिका कॅटनिस पेटून उठते. कृष्णवर्णीय मुलींच्या वाट्याला हे फार वेळा आलंय. एसुन मात्र चाळिशी ओलांडलेली, संतापलेली आई, आणि कथा तिचीच. ‘द फिफ्थ सीझन’पासून सुरू होणाऱ्या त्रयीच्या तिन्ही भागांना २०१६ ते २०१८ सलग ह्यूगो हा विज्ञानकथा-फँटसीचा पुरस्कार मिळाला. एसुनची प्रकरणं द्वितीय पुरुषात आहेत. मराठीत ‘तू’च ठेवा, ‘तुम्ही’ केलंत तर जवळीक जाते.