दुकानदाराला लॅपटॉप ‘चालू करून’ मागू नका

दिवसाचे दहा तास हिशेबाचं टॅली, मोठमोठ्या एक्सेल फाइली आणि जीएसटी पोर्टल सगळं एकदम उघडं, नव्या लॅपटॉपचं बजेट सत्तर हजार, आणि पुण्याच्या तापकीर गल्लीतला दुकानदार ‘सगळं टाकून, चालू करून देतो’ म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. ते शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही. मी इथे कोथरूडमध्ये घरूनच हिशेबाची कामं करते आणि नेमकी हीच सोय मला सगळ्यात महाग पडली.

दुकानातल्या मुलाने माझ्यासमोर लॅपटॉप उघडला, भराभर मायक्रोसॉफ्टचं खातं काढलं, पासवर्डही त्यानेच टाकला. मी चार आकडी पिन ठेवला आणि घरी आले. दीड वर्षाने मदरबोर्ड गेला. वॉरंटी होती, पण मशीन आपणच नेऊन द्यायची. सर्व्हिस सेंटरने एकोणीस दिवस ठेवून घेतलं. रोज फोन केला की ‘पार्ट यायचाय’, एवढंच. नवा बोर्ड बसवून हातात दिलं, तर स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागत होतं. आजकाल विंडोज डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद करतं, कुलपाचा भाग मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असतो, आणि ही की मायक्रोसॉफ्टच्या त्या खात्यात जमा होते. खातं कुठलं, ते मला माहीत नव्हतं. तो मुलगा दुकान सोडून गेला होता. काउंटरवर उत्तर मिळालं, ‘मॅडम, डेटा आमची जबाबदारी नाही, फॉरमॅट करू का?’ बोर्ड बदलण्याआधी ‘की आहे ना?’ एवढं एका माणसाने विचारायला काय जात होतं? आजही आठवलं की संताप होतो.

बॅकअप दोन महिन्यांपूर्वीचा. विक्री पोर्टलवर भरलेल्या जीएसटीआर-१ या विवरणावरून, खरेदी तिथल्याच २बी या यादीवरून पुन्हा उभी केली, पण रोखीची व्हाउचर अशिलांकडे बसून एकेक करून घालावी लागली. रिटर्नची २० तारीख हुकली. दिवसाला ५० रुपये लेट फी मी माझ्या खिशातून भरली, पण दोन अशील गेले ते गेलेच.

म्हणून खातं स्वतःच्या ईमेलने, घरी बसून काढा. त्याच दिवशी की छापून फाइलला लावा. लॅपटॉप आधीच घेतला असेल तर खातं कुणाचं आणि की कुठे, ते आज रात्रीच तपासा.

मशीनचं म्हणाल तर १६ जीबी रॅमच्या खाली जाऊ नका, आणि रॅम बोर्डाला सोल्डर केलेली असेल तर मी घेणार नाही, पुढे वाढवता येत नाही. टॅली-एक्सेलला ग्राफिक्स कार्ड लागत नाही, ते पैसे घरी येऊन दुरुस्ती करणाऱ्या ऑनसाइट वॉरंटीत घाला. लेनोव्होच्या थिंकपॅड किंवा डेलच्या लॅटिट्यूडसारख्या (२०२५पासून नाव ‘डेल प्रो’) ऑफिसच्या मालिका मला जास्त टिकाऊ वाटतात. हे माझं मत, मी हार्डवेअरची जाणकार नाही. वॉरंटी तोंडी ऐकू नका, सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून मगच पैसे द्या.

डीएससीच्या, म्हणजे डिजिटल सहीच्या टोकनसाठी जुना, चौकोनी यूएसबी पोर्ट आहे ना, तेही बघा. आणि नोंदणी असेल तर बिलावर तुमचा जीएसटी नंबर घालायला लावा, भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं.