भट्टीतून थेट वीट नको

अरे, तुझा गेम खेळून बघितला. भट्टीत खनिजाचं ढेकूळ टाकलं की लगेच लोखंडाची वीट बाहेर, हे आधी काढ. आपल्या गोव्यातल्या डिचोली-सांग्याकडच्या खाणींची लाल माती डोळ्यांसमोर आण. शुद्ध हेमॅटाइटमध्ये, म्हणजे लोखंडाच्या लाल खनिजातसुद्धा, वजनाने लोखंड 70 टक्केच, आणि आपल्याकडचं बरंचसं खनिज 60च्याही खालचं. तेव्हा प्रत्येक खाणीच्या खनिजाला वेगळा दर्जा दे.

खरी गंमत भट्टीत आहे. कोळसा म्हणजे नुसतं जळण नव्हे. त्याचा कार्बन मोनॉक्साइड खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो. म्हणून उष्णता आणि भात्याची हवा हे आकडे वेगळे ठेव. तांबं 1085 अंशांना वितळतं, लोखंडाला 1538 लागतात. जुन्या कोळसा-भट्टीत लोखंड वितळायचंच नाही. साधारण 1200 अंशांना मळी, म्हणजे खनिजातला टाकाऊ भाग, पातळ होऊन वाहायची आणि मागे उरायचा स्पंजासारखा भोकाभोकांचा गोळा. तो तापलेला असतानाच घणाने ठोकून उरलेली मळी बाहेर काढायची. खेळाडूच्या हातात हा गोळाच दे, ठोकू दे त्याला!

झोतभट्टी, म्हणजे लोखंड पूर्ण वितळवणारी मोठी भट्टी, आणलीस तर मळी वेगळी काढायला चुनखडीही मागायला लाव. वाहतुकीला बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटी, ठेव, मांडवी नदीतून मुरगाव बंदराला जातात तशा. ग्राफिक्सचं मागाहून बघू.