तुझ्या वेळापत्रकात झोप कुठे आहे?

प्रिय लेकरा,

तुझं नीटच्या तयारीचं वेळापत्रक मिळालं. चार रंगांच्या पेनांनी आखलंयस, टेस्टचे दिवस लाल चौकटीत. फोटो पाठवलास रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी, आणि खाली विचारलंस, 'मॅडम, यात अजून एक तास कुठे बसेल?' त्या कागदावर सगळं आहे. केमिस्ट्रीचे डीपीपी, म्हणजे रोजच्या सरावाचे प्रश्न, आहेत, मेसची वेळ आहे, कपडे धुवायला रविवारी पाऊण तास आहे. झोप तेवढी कुठे लिहिलेली नाही. एका ओळीत रात्रीचा एक वाजतो आणि पुढच्या ओळीत पहाटेचे पाच. तेही कागदावर, कारण फोटो आला तेव्हा तू जागीच होतीस.

अजून एक तास बसणार नाही. उलट तीन-साडेतीन तास काढायचे आहेत, आणि ते कशातून काढायचे यासाठीच हे पत्र.

आधी गेल्या टेस्टचं बोलू. तुझा पेपर आणि उत्तरपत्रिका शेजारी ठेवून मी एकेक प्रश्न पाहिला. न आलेले प्रश्न बाजूला काढले, ते सगळ्यांचेच असतात. उरलेल्या चुकांपैकी सात वेगळ्या आहेत. 'खालीलपैकी अयोग्य विधान कोणते' असं विचारलंय आणि तू योग्य विधानाचा गोल काळा केलायस, असं तीनदा. फिजिक्सच्या एका गणितात कच्च्या कामात गतिज ऊर्जा ९ ज्यूल काढलीस, उत्तराला चौकटसुद्धा केलीस, आणि गोल १८ चा. एका ठिकाणी एक प्रश्न सोडलास आणि त्याच्या पुढच्याचं उत्तर सोडलेल्याच्या ओळीत भरलंस. सातही प्रश्न तुला येत होते. बरोबरचे चार मार्क गेले आणि चुकीचा एक कापला, म्हणजे प्रश्नामागे पाच, सातांचे पस्तीस. पस्तीस मार्कांनी रँक कुठल्या कुठे जाते हे तुझ्या होस्टेलवरच्या कुणालाही माहीत आहे. आता सांग, रात्री आणखी तासभर बसून यातला कुठला प्रश्न सुटला असता?

बायोलॉजीची वहीही चाळली. क्रेब्स चक्राच्या पानावर वरचं अक्षर सुरेख आहे. सक्सिनेटपाशी ओळ खाली उतरायला लागते, आणि मग पेनाची एक लांब रेघ थेट समासाबाहेर जाते. तिथे तुला झोप लागली होती, काही सेकंदच असेल. जागी झालीस आणि पुढे लिहीत राहिलीस, तेही फ्युमरेट दोनदा. त्या पानावर वेळ टाकलीयेस : १.१०. हा तास तुझ्या हिशेबात 'सेल्फ स्टडी' म्हणून जमा आहे.

तू म्हणशील, मॅडम, मला सवय झालीये, आता चार तासांत भागतं. हे मी दरवर्षी ऐकते, आणि म्हणणारी मुलं खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच तसं वाटतं. गोम तिथेच आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी प्रौढ माणसांना सलग १४ रात्री मोजूनमापून झोपवलं. कुणाला आठ तास, कुणाला सहा, कुणाला चार. २००३ साली ते निष्कर्ष छापून आले. चार तासवाल्यांचं लक्ष दिवसागणिक घसरत गेलं आणि दोन आठवड्यांअखेर दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकं खाली आलं. सहा तासवालेही घसरलेच. पण 'किती झोप येतेय' असं विचारलं की उत्तर पहिल्या काही दिवसांनंतर फारसं बदलत नव्हतं. म्हणजे कामगिरी बिघडत होती आणि बिघडतेय हे कळणंही बंद झालं होतं. त्यामुळे या बाबतीत तुझ्या स्वतःच्या मतावर माझा विश्वास नाही, उत्तरपत्रिकेवर आहे.

पाठांतराचंही तसंच. १९२४ साली कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलेनबॅक या दोघांनी विद्यार्थ्यांना अर्थहीन अक्षरजोड्या पाठ करायला लावल्या. पाठ करून झोपल्यावर जेवढं लक्षात राहिलं, तेवढं तितकेच तास जागं राहिल्यावर राहिलं नाही. त्यानंतर शंभर वर्षं यावर काम झालं. दिवसभरात शिकलेलं पक्कं करण्याचं बरंचसं काम मेंदू झोपेत करतो, गाढ झोपेत आणि स्वप्नांच्या झोपेतही. स्वप्नांची झोप जास्त करून रात्रीच्या उत्तरार्धात येते. पाचचा गजर लावून तू कापतेस तो नेमका हाच भाग. म्हणजे संध्याकाळी वनस्पतींचं वर्गीकरण वाचायचं, रात्री त्याच्या जमण्याची वेळ कापायची, आणि आठवड्याने 'मॅडम, वाचलेलं राहतच नाही' म्हणत पुन्हा वाचायला बसायचं. तुझा बॅकलॉग निम्मा असाच तयार झालाय.

आता या पहाटे पाचचं. मेंदूतल्या पिनियल ग्रंथीचा परिच्छेद तुला एनसीईआरटीच्या पुस्तकातल्या ओळीसकट पाठ आहे : मेलाटोनिन हे संप्रेरक, २४ तासांची लय, झोप-जागेचं चक्र. पुस्तकात पुढचं दिलेलं नाही. वयात येताना हे मेलाटोनिन संध्याकाळी उशिरा वाढायला लागतं, तास-दीड तास सहज. ब्राऊन विद्यापीठाच्या मेरी कार्स्केडन यांनी पौगंडावस्थेतल्या मुलांच्या झोपेवर वर्षानुवर्षं काम केलं, त्यातून हे पुढे आलं. म्हणून तुला नऊला झोप येत नाही, त्यात आळस नाही आणि मोबाईलही एकटाच दोषी नाही. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप हवी असं झोपेचे तज्ज्ञ डॉक्टर सांगतात. आजोबा चारला आपोआप उठतात, कारण म्हातारपणी हेच घड्याळ अलीकडे सरकतं. 'लवकर निजे, लवकर उठे' हे आजोबांच्या शरीराला बरोबर लागू पडतं. तुझ्या बाबतीत आपण सगळे त्यातलं फक्त 'लवकर उठे' घेतो, हे मला नेहमी खटकतं.

मोठ्यांनी केलेल्या चुका तुझ्या माथी मारायच्या नाहीत मला. सकाळी सव्वासहाची बॅच काही तू ठेवलेली नाहीस. अमेरिकेत सिअॅटल शहराने २०१६ मध्ये हायस्कूलची वेळ ७.५० वरून ८.४५ केली, तर मुलं रोज साधारण ३४ मिनिटं जास्त झोपू लागली. वेळ मिळाला म्हणून जागत बसली नाहीत. आपल्याकडे शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश काढला, शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका, पण चौथीपर्यंतच्याच. ज्यांचं घड्याळ सर्वांत उशिराचं, त्या अकरावी-बारावीच्या पोरांचं त्यात नाव नाही. त्याच वर्षी जानेवारीत केंद्राने कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या : दिवसात पाच तासांपेक्षा जास्त क्लास नको, फार पहाटे किंवा फार उशिरा नको, आठवड्याच्या सुटीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट नको. लातूरच्या ट्यूशन एरियात सकाळी सहाला उभं राहून सायकली मोज, म्हणजे त्या सूचनांचं काय झालं ते कळेल. असो. बॅच बदलणं आपल्या हातात नाही, बाकीचं आहे.

तर हिशेब. क्लास आणि कॉलेज मिळून नऊ तास. आंघोळ, मेस, येणं-जाणं, घरचा फोन यांचे साडेतीन. आठ तास झोप. उरले साडेतीन. एवढ्यात बसेल तेवढाच अभ्यास हा तुझा अभ्यास. तुझ्या कागदावर साडेसात आहेत, त्यातले चार झोपेतून उचललेले.

साडेतीन तासांत सगळं मावणार नाही, काही टाकावं लागेल, आणि काय टाकायचं ते मी सांगते म्हणजे तुला अपराधी वाटायला नको. क्लासची टेस्ट सिरीज चालू असताना मैत्रिणीबरोबर घेतलेली दुसरी ऑनलाइन सिरीज बंद. तिचे पेपर तू सोडवतेस, पण चुका तपासायला वेळ नाही, मग तो पेपर सोडवला काय नि न सोडवला काय. चार रंगांच्या नोट्स बंद, एनसीईआरटीच्या समासात पेन्सिलने लिही. क्लासमध्ये झालेलाच धडा रात्री दुप्पट वेगाने परत बघणं बंद. दिवसा जागी राहिलीस तर ते लागणारच नाही. चुकांची वही मात्र ठेव, ती सोडू नकोस.

झोप एकदम सरकवू नकोस. आज एकला झोपतेस, तर दर दोन-तीन दिवसांनी वीस मिनिटं अलीकडे ये, पावणेअकरापर्यंत. त्याच्याही अलीकडे तुझं घड्याळ सहजी येणार नाही. सकाळी पावणेसहाला ऊठ, बॅच गाठता येते. हे सात तास झाले. दुपारी जेवणानंतर वीस-पंचवीस मिनिटं डोळे मीट, गजर लावून. त्याहून लांबलीस तर जड डोक्याने उठशील. आठ भरत नाहीत, मला माहीत आहे, पण चारावरून इथवर आलीस तरी पुष्कळ. रविवारी तासभर जास्त झोप, बारापर्यंत लोळू नकोस, नाहीतर सोमवारी पुन्हा पहिल्यापासून. उठल्या उठल्या गच्चीवर उजेडात पाच मिनिटं उभी राहा. रात्री साडेदहानंतर मोबाईल खोलीच्या दुसऱ्या टोकाला, चार्जरजवळ.

पहिल्या आठवड्यात बरं वाटणार नाही. समोरच्या खोलीत दीडपर्यंत दिवा असेल आणि तू अंधारात पडून तिचा धडा कुठवर आला असेल याचा विचार करशील. तुमच्या होस्टेलवर शेवटी दिवा कुणी बंद केला यावर हुशारी ठरते हे मला ठाऊक आहे. 'जो झोपला तो संपला' असं अभ्यासिकेच्या भिंतीवरच लिहिलंय म्हटल्यावर बोलायलाच नको. त्या भिंतीकडे पाठ करून बस. नीटचा पेपर दुपारी दोनला असतो, १८० मिनिटांत १८० प्रश्न. दीडच्या दिव्याचे मार्क तिथे कुणी देत नाही.

चहा-कॉफीचं थोडक्यात. कॅफिन मेंदूतल्या ॲडेनोसिनच्या, म्हणजे थकवा कळवणाऱ्या रसायनाच्या, जागा अडवतं. थकवा जात नाही, कळत नाही एवढंच. अंगातलं निम्मं कॅफिन उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे नऊच्या कॉफीतलं निम्मं दोनला अजून आहेच. दुपारी चारनंतर नको. आणि ती वीस रुपयांची एनर्जी ड्रिंकची बाटली अजिबात नको. तिच्यावर बारीक अक्षरात 'मुलांसाठी नाही' असं छापलेलं असतं, वाचून बघ.

अजून एक, तू लिहिलंस की झोपून उठलं तरी थकवा असतो. सुटीत गावी गेलीस की हिमोग्लोबिन तपासून घे. मुलींमध्ये ते कमी असणं फार सर्रास आहे आणि सगळं खापर अभ्यासावर फुटतं. अंथरुणावर पडूनही तास-तास डोळ्याला डोळा लागत नसेल, सकाळी उठताना रडू येत असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर मला लगेच फोन कर, वेळ बघू नकोस. मी उचलला नाही तर १४४१६ लाव. टेलि-मानसची सरकारी हेल्पलाइन आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

राहता राहिले बाबा. ते पहाटे पाचला फोन करतात, 'उठलीस का' म्हणून. त्यात प्रेमच आहे. एवढ्या लांब मुलीला ठेवलंय, फी भरलीय, त्यांच्या हातात तेवढंच उरतं. 'मॅडमनी जास्त झोपायला सांगितलंय' एवढंच सांगितलंस तर त्यांना धसका बसेल. त्यांना समजेल असं सांग. पाऊस पडला म्हणून ते दुसऱ्या दिवशी तिफण घेऊन रानात उतरत नाहीत, वाफसा येईपर्यंत थांबतात. ते थांबणं त्यांनी कधी आळशीपणात मोजलं नाही. तुझ्या डोक्यालाही वाफसा लागतो. फोन पावणेसहाला करा म्हणावं, बंद करा म्हणू नकोस.

तरी पटलं नाही तर माझ्यावर सोपव. येत्या रविवारी ते डबा घेऊन येणार आहेत असं तू म्हणालीस ना, तेव्हा त्यांना घरी घेऊन ये. चार वाजता या. त्याआधी दोन ते तीन मी झोपलेली असते.

तुझ्या मॅडम