रिव्हरवरची मोठी बेट समोरच्याला का पटली नाही?

प्रश्न : पोकरमधल्या नो-लिमिट होल्डेममध्ये माझ्याकडे बदामाची नव्वी-अठ्ठी होती. मी रेझ केलं (बेट वाढवली), फक्त बिग ब्लाइंडने (सक्तीची मोठी बेट आधीच लावलेल्या खेळाडूने) कॉल केलं, म्हणजे तेवढ्याच चिप्स घातल्या. फ्लॉपला (टेबलावरची पहिली तीन सामायिक पानं) बदामाचा राजा, बदामाची सत्ती, इस्पिकची दुर्री. मी बेट लावली, त्याने कॉल केलं. टर्नला (चौथं पान) किलवरचा गुलाम आला, दोघांनीही चेक केलं, म्हणजे बेट लावली नाही. रिव्हरला (पाचवं, शेवटचं पान) चौकटची तिर्री. पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) १००० चिप्सचा होता, मी १००० लावल्या. त्याने राजा-दश्शी दाखवून पॉट नेला. शेवटी आक्रमक खेळा असं सगळे सांगतात, मग चुकलं कुठे? — एक वाचक

उत्तर : टर्नला चुकलं. रिव्हरवर त्याचा नुसता हिशेब झाला.

समोरच्याच्या जागी बसून बघा. तुमच्याकडे राजाच्या जोडीहून मोठा हात असता, तर टेबलावर दोन बदाम असताना तुम्ही त्याला फुकटचं पान दिलं असतं का? टर्नला चेक, रिव्हरला एकदम पूर्ण पॉट, हे त्याच्या डोक्यात जुळलंच नाही. आणि टर्नला तुमचा हात खरं तर बेट लावण्याजोगाच होता. नऊ बदाम फ्लश (पाचही पानं बदामाची) देत होते, बाकीच्या तीन दश्श्या स्ट्रेट (ओळीने पाच पानं) देत होत्या. न दिसलेल्या ४६ पानांत १२ पानं तुमची! तिथे बेट लावली असती तर कदाचित तिथेच पॉट मिळाला असता. कॉल आला असता, तरी रिव्हरच्या बेटला मागचा आधार राहिला असता.

आता आकड्यांचं. पॉटएवढा ब्लफ (हात कच्चा असताना समोरच्याला पळवायला लावलेली बेट) निम्म्या वेळा तरी चालला पाहिजे, तेव्हा कुठे बरोबरी होते. अर्ध्या पॉटचा तीनात एकदा चालला तरी पुरतो, दुप्पट पॉटचा मात्र तीनात दोनदा चालावा लागतो. समोरच्याला १००० घालून २००० मिळणार होते, म्हणजे तीनात एकदा तो बरोबर ठरला तरी त्याचं भागत होतं.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे, आणि ती फार कमी जण बघतात. ड्रॉ (फ्लश किंवा स्ट्रेटची अपुरी जुळणी) हुकला म्हणून ब्लफ करायचा नसतो. कोण फोल्ड करणार (पानं टाकणार), ते आधी बघायचं. इथे सहज फोल्ड करणारे हात कोणते? त्याचे हुकलेले बदाम. त्यातली दोन पानं तुमच्याच हातात, म्हणून ते हात त्याच्याकडे असण्याची शक्यता तुम्हीच कमी केलीत. उरले राजेवाले, आणि ते सहजासहजी पानं टाकत नाहीत.

याच टेबलावर इस्पिकची राणी-दश्शी हा कितीतरी चांगला ब्लफ होता. त्याच्या हुकलेल्या बदामांना धक्का लागत नाही. शिवाय एक राणी आणि एक दश्शी तुमच्याकडे असल्यामुळे त्याच्याकडे राजा-राणी असण्याचे १२ प्रकार ९ वर येतात, राजा-दश्शीचेही तसेच. म्हणजे कॉल करणारे हात घटतात आणि फोल्ड करणारे तेवढेच राहतात. नव्वी-अठ्ठीवर मी टर्नला बेट लावली असती. तुमच्यासारखी चेक करून रिव्हरला पोहोचले असते, तर पॉट सोडून दिला असता.

हा गडी गुलामाच्या जोडीवरही कॉल करणारा असेल, तर त्याच्यासमोर ब्लफ पूर्ण बंद ठेवा. अशा माणसासमोर आक्रमकपणा चांगल्या हातांसाठी राखायचा. अशाच टेबलावर हातात एक्का-राजा असताना रिव्हरला तुम्ही पाऊण पॉट लावता, की घाबरून चेक करता? ते लिहून कळवा, त्यावर सविस्तर बोलू.