रोबो हवा, कारखाना नको

प्रश्न : आम्ही भांडुपला राहतो. मुलीला बारावी सायन्सला ७४ टक्के, सीईटीला ८६ पर्सेंटाइल. ती मेकॅनिकलच घेणार म्हणून हटून बसली आहे. मी वागळे इस्टेटला प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवतात त्या खात्यात, २२ वर्षं काढली, डाव्या हाताची दोन पेरं तिथेच राहिली. कंपनी बंद झाली, आता सिक्युरिटी सुपरवायझर आहे. मेकॅनिकल हे मुलींचं काम नाही. पुढे सगळीकडे रोबोच येणार म्हणतात. एका खासगी कॉलेजात ‘रोबोटिक्स अँड एआय’ची सीट मॅनेजमेंट कोट्यातून मिळतेय, त्यासाठी गावची जमीन विकायची तयारी आहे. आम्ही ओबीसी, नॉन-क्रीमीलेयरही काढलंय, पण कोट्याला त्याचा काही उपयोग नाही. ती हल्ली माझ्याशी बोलत नाही, दिवसभर वसईला मामाच्या वर्कशॉपच्या गाळ्यावर जाऊन बसते. या ब्रँचला स्कोप आहे का?

उत्तर : स्कोपचं नंतर बघू. मी अडकले ती ‘दोन पेरं तिथेच राहिली’ या शब्दांवर. मार्क सांगावेत तसं ते सांगून तुम्ही पुढे गेलात. मग मुलीनं मेकॅनिकल घेऊ नये यामागे ती मुलगी आहे हे कारण नाही, तुमचा हात हे कारण आहे. पण तिला काय सांगितलंत? ‘हे मुलींचं काम नाही.’ गाळ्यावर जाऊन बसणाऱ्या पोरीला हे ऐकवल्यावर ती गप्प होणार नाही तर काय करणार? भीती वाटते म्हणाला असतात तर तिनं निदान वाद तरी घातला असता.

दुसरी गोष्ट. तुम्हाला रोबो हवाय आणि कारखाना नकोय. असं कुठेच मिळत नाही हो. इंडस्ट्रियल रोबो कारखान्यातच असतो, तेलात आणि आवाजात. पहिला रोबो, युनिमेट, १९६१ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात लागला, तोही डाय-कास्टिंगवर, म्हणजे वितळलेला धातू साच्यात घालून भाग बनवतात तिथे. साच्यातून निघालेला तापलेला भाग उचलायचं काम त्याला दिलं, कारण तिथे माणसाचे हात भाजत होते. आज प्रेस शॉपमध्ये पत्रा डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, ठेवायला रोबो लावतात, त्यामागेही एक मोठं कारण तुमच्यासारखे हात आहेत. माणूस रोबोभोवतीच्या जाळीच्या बाहेर उभा राहतो. जाळीचं दार उघडलं की लाइन थांबते. तुमच्या वेळी ही जाळी असती तर, असं मला वाचताना सारखं वाटत राहिलं.

आता ब्रँचच्या नावाबद्दल, कारण इथे बहुतेक पालक फसतात. रोबोटिक्स म्हणजे रोबो बनवणं आणि कॉम्प्युटरवर कोडिंग करणं, असा समज आहे. इथल्या कारखान्यांत फनुक, यास्कावा, एबीबी, कुका या कंपन्यांचा रोबोचा हात तयार विकत आणतात. तो पेटीतून निघतो तेव्हा त्याला काहीही येत नसतं. त्याच्या टोकाला ग्रिपर, म्हणजे वस्तू पकडणारा पंजा, कोणता लावायचा, जॉब (ज्यावर काम करायचं तो भाग) त्याला धरून ठेवणाऱ्या फिक्श्चरमध्ये हलणार नाही असा कसा बसवायचा, पीएलसीनं, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरनं, कधी ‘चल’ आणि कधी ‘थांब’ म्हणायचं, सेफ्टी कशी लावायची, खरं काम हे आहे. टीच पेंडंट, म्हणजे रोबोचा हातात धरायचा कंट्रोलर, घेऊन रोबोला कुठून कुठे जायचं ते पॉइंट शिकवणं हुशार मूल काही आठवड्यांत शिकतं. तेलकट पत्रे एकमेकांना चिकटतात, उचलताना कधीकधी दोन एकदम येतात, हे मात्र त्याला कोण शिकवणार? तुम्हाला ते माहीत आहे. रोबोला नाही. तो निमूटपणे दोन्ही पत्रे डायमध्ये ठेवेल आणि लाखोंची डाय जाईल. म्हणून तिथे डबल शीट ओळखणारा सेन्सर लावावा लागतो, आणि तो लावायला हवा हे ज्याला सुचतं त्याला नोकरी आहे. तो मेकॅनिकलचा असेल, इलेक्ट्रिकलचा असेल, इन्स्ट्रुमेंटेशनचा असेल. डिग्रीवर ‘रोबोटिक्स’ हा शब्द नसला म्हणून त्याचं काही अडत नाही.

त्या खासगी कॉलेजात तरीही एकदा जाऊन या. लॅब दाखवा म्हणा. सहा अक्षांचा खरा रोबो आहे का, की माहितीपत्रकात फक्त फोटो? असला तर त्यावरचं प्लॅस्टिकचं कव्हर निघालंय का? गेल्या वर्षी किती मुलांच्या हातात पेंडंट आला? माझा अनुभव सांगू? या तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी चहा येतो, उत्तर येत नाही.

आणि जमीन? तिला हात लावू नका. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झाला तरच. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. थोडक्यात, जी फी सरकार भरायला तयार आहे ती तुम्ही शेत विकून भरायला निघाला आहात.

कॅपचं म्हणाल तर या पर्सेंटाइलला व्हीजेटीआय नाही, तो विषय सोडा. मेकॅनिकल आणि इन्स्ट्रुमेंटेशनचं कटऑफ कॉम्प्युटरपेक्षा खाली असतं. मुंबई, ठाणे, नवी मुंबईतली कॉलेजं घालून ऑप्शन फॉर्म भरपूर भरा, आणि तो तिला भरू द्या. पुढे तुमच्या शेजारच्या पवईच्या आयआयटीतून चालणारी ई-यंत्र ही रोबोटिक्सची स्पर्धा आहे, कुठल्याही ब्रँचमधून तिथे उतरता येतं.

स्कोप विचारलात म्हणून सांगते, गोड नाही सांगत. २०२३ मध्ये देशात साडेआठ हजार नवे इंडस्ट्रियल रोबो लागले. चीनच्या मानानं हे काहीच नाही, पण आपल्याकडचा तो तोवरचा उच्चांक होता. मात्र हे काम भांडुपला बसून होणार नाही. चाकण, तळेगाव, नाशिक, कधी पार चेन्नई. रोबो बसवायचा तर चालू लाइन बंद करावी लागते, म्हणून कमिशनिंग, म्हणजे रोबो बसवून चालू करून देणं, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी चालतं. सगळे गणपतीला घरी असताना ती सेफ्टी शूज घालून कुठल्यातरी शेडमध्ये असेल. तुमची तयारी करायचीच असेल तर याची करा.

या रविवारी तुम्हीही वसईला जा. मामांच्या गाळ्यावर ती नुसती बसते की काही करते, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा तुम्ही पाहिलंच नसावं. तिला चिकटलेल्या दोन पत्र्यांचं सांगा, हाताचंही सांगा. मग विचारा, सेन्सर तू कुठे बसवला असतास?